काही लागलं तर सांगा, एवढं म्हणून निघू नका

या वेळच्या टपालात एकाच दुःखाची चार पत्रं निघाली. हाताशी आलेला मुलगा किंवा मुलगी अचानक गेलेलं घर, आणि त्या घराच्या अवतीभवतीची माणसं. म्हणून हा अख्खा महिना या चौघांचा. निवृत्तीनंतरच्या कंटाळ्याबद्दल ज्या दोघांनी लिहिलंय त्यांनी पुढच्या अंकापर्यंत थांबावं, तो कंटाळा तोवर कुठे पळून जात नाही.

नव्या वाचकांसाठी सांगते. मी सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक होते. अपघात विभाग आणि शवागार यांच्या मधल्या व्हरांड्यात माझं निम्मं काम चालायचं. मी मानसोपचारतज्ज्ञ नाही. त्या व्हरांड्यात आणि नंतर त्या माणसांच्या घरी जाऊन जे पाहिलं, त्यावरून लिहिते.

प्रश्न: आमच्या समोरच्या घरातले काका जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक. काकू घरीच असतात. त्यांचा एकुलता एक मुलगा पुण्यात नोकरीला होता, तिशीही पूर्ण झाली नव्हती. जूनमध्ये रात्री कामावरून परतताना त्याच्या दुचाकीला ट्रकने उडवलं. पहिले तेरा दिवस अख्खी गल्ली त्यांच्या घरात होती. मीही आल्यागेल्याचा चहा, भांडी, अंथरुणं सगळं पाहिलं. आता कोणीच जात नाही, मीसुद्धा नाही. काकू दारात दिसल्या की मी मोबाइल कानाला लावते. माझा मुलगा त्याच्याच बरोबरीचा, आणि त्याचं लग्न ठरलंय, त्यामुळे तर तोंड दाखवायला नको वाटतं. मी काय करू?
— एक शेजारीण, कराड

उत्तर: ज्या दिवशी हे वाचाल त्याच संध्याकाळी जा. दाराशी म्हणायला वाक्य हवं असेल तर हे घ्या: "काकू, बरेच दिवस आले नाही. काय बोलावं सुचत नव्हतं." एवढं म्हटलं की पुढचं त्या बोलतील, किंवा नाही बोलणार. दोन्ही चालतं. त्यांच्याबरोबर बसून लसूण सोललात तरी भेट झाली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं तर 'मीच रडवलं' असं वाटून घाईने उठू नका. तुमच्यामागे दार लावून त्या एकट्या रडणार असतील, तर तुमच्यासमोर रडलेल्या बऱ्या.

काय बोलू नये याची यादी मोठी आहे, पण तुम्हाला ती पाठ असेल, कारण त्या तेरा दिवसांत ती सगळी वाक्यं तुमच्या कानावर पडली असणार. "त्याचं आयुष्य तेवढंच होतं." "देवालाही चांगलीच माणसं लागतात." "धीर धरा, तुम्हीच खचलात तर कसं?" एकुलतं मूल गेलेल्या घरात आणखी एक ठेवणीतलं वाक्य असतं: "दुसरं असतं तर आज आधार झाला असता." हे म्हणणारी माणसं दुष्ट नसतात. समोरच्या बाईचं रडणं त्यांना सोसवत नाही आणि ते लवकर थांबावं म्हणून तोंडाला येईल ते बोलतात.

एक सांगते. एका घराच्या दहाव्याला मी नदीवर गेले होते. मुलगा अविवाहित होता. पिंड ठेवून तासाच्या वर झाला, कावळे समोरच्या झाडावर बसलेले, एकही खाली येईना. एकेकाने पुढे होऊन हात जोडून सांगायला सुरुवात केली. आईबाबांना सांभाळू, बहिणीचं शिक्षण पुरं करू, गाडीचं कर्ज फेडू. तरी काही नाही. मग मागून एक पोक्त आवाज आला, "लग्नाची इच्छा राहिली ना पोराची, शिवणार कसा?" गुरुजी शहाणे होते. त्यांनी मुकाट्याने दर्भाचा कावळा केला, पिंडाला लावला आणि विधी पुरा केला. पण त्या आईने ते वाक्य घरी नेलं. पुढे मी जेव्हा जेव्हा गेले तेव्हा तिचा विषय तोच: दोन वर्षांपूर्वी एक स्थळ आलं होतं, आपण पत्रिका जुळत नाही म्हणून नाही म्हटलं. मुलगा गेला मेंदूतल्या रक्तस्रावाने, आणि ती बाई एका स्थळाचा हिशोब मांडून बसली होती. त्या गृहस्थांना आपण काय बोललो हे आज आठवतही नसेल.

उलट, जे बोलावं ते आपण बोलत नाही. त्याचं नाव. मूल गेलं की आठवड्याभरात लोक त्याचं नाव घ्यायचं बंद करतात. 'तो', 'ते झालं तेव्हा', 'तुमच्यावर जो प्रसंग आला', अशी भाषा सुरू होते. तुम्ही नाव घ्या. समोरासमोर राहता, त्याला चड्डीत फिरताना पाहिलंय, तुमच्याकडे आठवणींचा तोटा नसणार. गणपतीत त्याने माइक कसा अडवून धरला होता, तुमच्या कुठल्या कुंडीवर त्याचा चेंडू आदळला होता, ते सांगा. आईबापांकडे त्याच्या घरातल्या आठवणी आहेत. गल्लीतल्या, शाळेतल्या, तालमीतल्या आठवणी दुसऱ्यांकडे आहेत, आणि त्या कोणी आणून दिल्या तरच त्यांना मिळतील. त्याचे मित्र गावात असतील तर त्यांनाही हे सांगा. पोरं घाबरतात, 'आम्हाला बघून काकूंना त्रास होईल' म्हणून रस्ता बदलतात.

आता कामाचं. "काही लागलं तर सांगा" असं तुम्ही म्हणाला असाल, सगळेच म्हणतात. शोकातल्या माणसाने स्वतःची गरज ओळखायची, मग कोणाला सांगावं ते ठरवायचं, मग फोन करायचा. एवढी ताकद असती तर आणखी काय हवं होतं? त्याऐवजी काम उचला आणि फक्त वेळ विचारा.

हल्ली आपली मुलं पुण्या-मुंबईत बसून आईबापांचा संसार फोनवरून चालवतात. लाइट बिल, रिचार्ज, गॅसचं बुकिंग, विम्याचा हप्ता, सगळं. मूल गेल्यावर हे एकेक करून बंद पडतं आणि दर वेळी जखमेवर बोट ठेवतं. एका घरी मी बसले असताना सिलिंडर आला. पोरगा म्हणाला, "काका, कोड सांगा." कोड मुलाच्या नंबरवर गेला होता. तो मोबाइल अपघातानंतर पोलिसांकडे मुद्देमालात जमा. काका दारात उभे, हातात पैसे, आणि पोरगा पुन्हा पुन्हा तेच विचारतोय, "नंबर कोणाचा दिलाय?" त्या पोराची काय चूक? काकांना "माझ्या मुलाचा" एवढं म्हणवेना.

तुम्ही काकांबरोबर गॅस एजन्सीत जाऊन नंबर बदलून आणा. बँकेत, वीज मंडळात, आधारला कोणता नंबर जोडलाय ते पाहा. आणि नोव्हेंबर येतोय. निवृत्तिवेतनासाठी हयातीचा दाखला द्यायचा महिना. आजवर तो मुलाने मोबाइलवर चेहरा दाखवून भरला असेल, तर यंदा त्या माणसाला बँकेत जाऊन आपण जिवंत असल्याची सही करायची आहे. त्या दिवशी त्यांच्याबरोबर कोणीतरी असावं. तुमच्या यजमानांना पाठवा.

यजमानांना तसंही पाठवाच. रस्त्यात काका भेटले की जो तो विचारतो, "काकू कशा आहेत?" बापाला कोणी विचारत नाही. पुरुषांना बोलतं करायच्या फंदात पडू नये, सकाळी त्यांच्याबरोबर फिरायला जावं. चालता चालता, दोघांची नजर समोर असताना, माणूस जे बोलतो ते खुर्चीत समोरासमोर बसून बोलत नाही.

डब्याचं म्हणाल तर तेरावा उलटल्यावर डब्याची खरी गरज सुरू होते. दोन माणसांसाठी कुकर लावायचा जीव होत नाही, मग चहा-बिस्किटावर दिवस निघतो आणि बीपी-साखरेच्या गोळ्या उपाशीपोटी घेतल्या जातात किंवा राहून जातात. आठवड्यातला एक वार ठरवून घ्या. साधी भाजी-भाकरी, आमटी-भात. भांडं परत द्यायची घाई नसलेलं. आणि त्याच्या आवडीचा पदार्थ न विचारता नेऊ नका. दिवाळीत त्यांच्याकडे फराळ होणार नाही, तो आप्तांनी-शेजाऱ्यांनी नेऊन द्यायची आपल्याकडे रीत आहे. डबा दाराशी ठेवून पळू नका, थोडा वेळ बसा.

राहिलं तुमच्या मुलाचं लग्न. ही बातमी काकूंना तुमच्याच तोंडून कळू द्या, आणि लवकर. मांडव पडल्यावर खिडकीतून कळली तर वाईट. "काकू, याचं लग्न ठरलंय. तुम्हाला सांगताना जीभ अडखळते, पण दुसऱ्याकडून कळायला नको." पत्रिका स्वतः नेऊन द्या. या म्हणा, पण यायलाच हवं असा आग्रह नको. त्या ऐनवेळी आल्या, अक्षता टाकून न जेवता गेल्या, तर तसं. आणि तुमच्या घरातलं कोणी "शुभकार्यात ते घर कशाला" म्हणालं, तर त्याला तुम्ही गप्प करायचं. इथे मला मधला मार्ग दिसत नाही.

प्रश्न: माझा दादा आठ महिन्यांपूर्वी गेला. 31 वर्षांचा होता. सकाळी छातीत दुखतंय म्हणाला, रिक्षातच गेला. मी 24 वर्षांची आहे. आई अजून रोज त्याचं ताट वाढते आणि नंतर कामवाल्या मावशींना देते. बाबा टीव्ही लावून बसतात, बघत नाहीत. येणारा प्रत्येक जण मला म्हणतो, आता तूच त्यांचा मुलगा. मला बंगळुरूची नोकरी मिळालीय, मी जाऊ की नको? आईच्या छातीतही मधूनच कळ येते, सगळे म्हणतात दुःखाने होतं. एका मावशीने दुःखाच्या पाच पायऱ्यांचा मेसेज पाठवलाय, त्यात आठ महिन्यांनी माणूस सावरतो असं आहे. आई वेडी होतेय का?
— नाशिकहून एक बहीण

उत्तर: आधी आईची कळ. उद्या तिला घेऊन डॉक्टरांकडे जा आणि ईसीजी काढा. कळ पुन्हा आली, घाम फुटला, दम लागला तर उद्याचीही वाट न पाहता थेट दवाखाना. दुःखाने होतं, हे अर्धवट खरं आहे आणि म्हणूनच धोक्याचं. मोठ्या धक्क्यानंतर हृदयाचा स्नायू तात्पुरता दुबळा होण्याचा एक आजार आहे, ताकोत्सुबो नावाचा. जपानी डॉक्टरांनी तो 1990 च्या सुमारास प्रथम नोंदवला. पाळी गेलेल्या बायकांत तो जास्त दिसतो. लक्षणं हुबेहूब हार्ट अटॅकची. तपासल्याशिवाय दोन्हींतला फरक कळत नाही. त्यातून दादा इतक्या लहान वयात हृदयाने गेलाय, तेव्हा आई, बाबा आणि तू, तिघांचीही हृदयाची तपासणी व्हायला हवी. अशा मृत्यूंच्या काही कारणांचा संबंध आनुवंशिकतेशी असतो. डॉक्टरांना त्याचं वय आणि प्रसंग नीट सांग.

आई वेडी होत नाहीये. ताट वाढते आणि मग ते मावशींना देते, म्हणजे तो येणार नाही हे तिला पक्कं ठाऊक आहे. ज्या हातांनी तीस वर्षं वाढलं ते हात इतक्यात थांबत नाहीत. तू काळजी करायची ती वेगळ्या गोष्टींची: आंघोळ, जेवण, झोप सुटलीय का, घराबाहेर पाऊल टाकत नाही का, "मला तरी कशाला ठेवलं" हे वाक्य वरचेवर आणि गंभीरपणे येतंय का. लांबलेल्या शोकाला आता डॉक्टरी भाषेत आजार म्हणून जागा मिळालीय. जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्या किमान सहा महिने धरते, अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांची 2022 सालची व्याख्या मोठ्या माणसांसाठी एक वर्ष. म्हणजे तज्ज्ञांचंही महिन्यांवर एकमत नाही. तेव्हा कॅलेंडर बाजूला ठेव आणि आई दिवस कसा काढते ते बघ.

त्या पाच पायऱ्या मावशींना परत पाठव. एलिझाबेथ कुब्लर-रॉस या डॉक्टरबाईंनी 1969 मध्ये त्या मांडल्या त्या स्वतः मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांना त्या नंतर चिकटल्या. त्यांत महिन्यांचं वेळापत्रक नव्हतंच, ते कोणीतरी मेसेज पुढे ढकलताना घुसडलंय.

आता तू. "आता तूच त्यांचा मुलगा", हे वाक्य कौतुकाचं म्हणून वापरतात आणि ते तुझ्या डोक्यावर गोणीसारखं ठेवून जातात. तुझा भाऊ गेलाय. लहानपणापासून तुझं गुपित ठेवणारा, तुझ्याशी भांडणारा एक माणूस गेलाय, आणि या आठ महिन्यांत तुला कोणी विचारलं का, तू कशी आहेस? पत्रात तूही स्वतःबद्दल एक ओळ लिहिलेली नाहीस. पुढच्या वेळी कोणी तसं म्हणालं तर सरळ सांग, "मी मुलगीच आहे, आणि मलाही तो हवा होता." थोडं लागेल त्यांना, लागू दे.

बंगळुरूला जा. लगेच नको; रुजू व्हायची तारीख महिना-दीड महिना पुढे मागून बघ, कारण सांगितलं तर बहुतेक ठिकाणी देतात. तेवढ्यात आईच्या तपासण्या कर, काका-मामांपैकी कोण कोणत्या वारी घरी येणार ते ठरवून घे. 'आम्ही आहोत ना' नव्हे, वार. तू घरी थांबलीस तर वर्षभराने त्या घरात तीन माणसं टीव्ही लावून न बघता बसलेली असतील. बाबांना जायच्या आधी एकदा विचार, "दादाचा कोणता फोटो माझ्याबरोबर नेऊ?" निवडू दे त्यांना.

प्रश्न: माझ्या आतेभावाच्या मुलीने दोन महिन्यांपूर्वी हॉस्टेलवर गळफास घेतला. 22 वर्षांची होती. घरच्यांनी सगळ्यांना ताप मेंदूत गेला असं सांगितलंय. खरं आम्हा चौघांनाच माहीत आहे. भावाशी बोलताना मी खोटं पुढे चालवू की नको? वहिनी सारखी म्हणते, शेवटचा फोन मी उचलला नाही.
— नाव, गाव देऊ नये

उत्तर: बाहेर काय सांगायचं हा त्या आईबापांचा अधिकार. गावाला ताप सांगितलाय तर तुम्ही ताप सांगा. पण चार भिंतींच्या आत, भावासमोर, तुम्ही नाटक करायचं नाही. त्या घराला एक तरी माणूस असा हवा ज्याच्यापुढे ताप सांगावा लागत नाही, आणि ते तुम्ही आहात.

कसं झालं, कशाला केलं, चिठ्ठी होती का, कोणी मुलगा होता का, हे तुम्ही विचारू नका. पोलिसांनी विचारून झालंय. अनैसर्गिक मृत्यूत पंचनामा, शवविच्छेदन, जबाब हे कायद्याने होतातच. व्हरांड्यात मी पाहिलंय, मुलीचा देह आत असताना बापाला तिच्या मोबाइलचा पासवर्ड विचारला जातो. त्या जबाबाची आठवण दुसऱ्यांदा उकरून काढायची गरज नाही. भाऊ आपणहून सांगू लागला तर मात्र विषय बदलू नका, ऐका.

वहिनींच्या फोनबद्दल. "तसं मनाला लावून घेऊ नका" म्हणून काही होत नाही, ते त्यांना शंभर जणांनी सांगितलंय. त्यांना पूर्ण सांगू द्या: फोन किती वाजता आला, त्या काय करत होत्या, पोळ्या चालल्या होत्या की बसमध्ये होत्या. त्या दिवशी तो फोन रोजच्यासारखाच एक फोन होता. हे तुम्ही सांगून पटणार नाही, त्यांचं त्यांना बोलता बोलता दिसेल, कदाचित दहाव्यांदा सांगताना. दहादा ऐकायची तयारी ठेवा. असा मृत्यू बहुधा एकाच कारणाने होत नाही, आणि एका न उचललेल्या फोनने तर नाहीच, एवढं मात्र तुम्ही ठामपणे म्हणू शकता.

आणि नजर ठेवा. ज्या घरात असं होतं तिथे उरलेल्यांच्याही मनात तो विचार येण्याचा धोका वाढतो, विशेषतः तिच्या भावंडांच्या आणि जवळच्या मैत्रिणींच्या. शंका आली तर आडून विचारू नका. "तुझ्या मनात जीव द्यायचे विचार येतात का?" असं सरळ विचारा. विचारल्याने विचार डोक्यात घुसत नाही, उलट सांगायला वाट मिळते. हो म्हणाले तर एकटं सोडू नका, त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. केंद्र सरकारची टेलिमानस ही सेवा 14416 या नंबरवर 2022 पासून चालू आहे, चोवीस तास, पैसे पडत नाहीत, मराठीतही बोलता येतं. तो नंबर भावाच्या घरी कोणाच्या तरी फोनमध्ये आताच साठवून द्या. तुम्हीही करा फोन. हे गुपित तुम्ही चौघांनी वाटून घेतलंय, त्याचं वजन तुमच्यावरही आहे.

प्रश्न: भाचा गेला, 34 वर्षांचा, अविवाहित, पुण्यात खासगी कंपनीत होता. गाडीच्या अपघातात गेला. ताई-दाजींना कागदपत्रांचं काही कळत नाही आणि कळून घ्यायचंही नाही. मी मामा. मी काय काय बघू? आताच पैशाचं बोलणं बरं दिसत नाही असं बायको म्हणते.
— एक मामा, बार्शी

उत्तर: ताईंसमोर बोलू नका, पण काम सुरू करा. बायको म्हणते ते दिसण्यापुरतं ठीक, मुदती मात्र दुखवट्यासाठी थांबत नाहीत.

मृत्यूची नोंद जिथे मृत्यू झाला तिथे होते. तो पुण्यात गेला असेल तर दाखला पुण्यातून मिळेल, बार्शीत नाही. नोंद 21 दिवसांत व्हायला हवी. रुग्णालयात गेला असेल तर ते कळवतात, पण नाव, आईवडिलांची नावं आधारप्रमाणे लिहिली आहेत का ते छपाईआधी पाहा, मागून दुरुस्तीत महिने जातात. सुरुवातीलाच दहा-बारा प्रती घ्या. एफआयआर, घटनास्थळाचा पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल यांच्या प्रती घेऊन एका फायलीत लावा.

मोटार अपघात दाव्याचा अर्ज अपघातापासून सहा महिन्यांत करायचा, अशी तरतूद 2022 पासून लागू आहे. या मुदतीवरून न्यायालयात वाद झालेत, पण तुम्ही त्या वादाच्या भरवशावर राहू नका, आत करा. दावा पुण्यातच लावायला हवा असं नाही, आईवडील राहतात त्या भागातल्या न्यायाधिकरणातही चालतो. शवागाराच्या बाहेर "केस आमच्याकडे द्या" म्हणत फिरणारे लोक असतात, त्यांनी सुतकातच दाजींची कोऱ्या कागदावर सही घेतली नाही ना, ते हळूच विचारा.

त्याचं पासबुक काढा. मे-जूनच्या सुमारास 20 रुपये किंवा 436 रुपये कापलेले दिसले तर ते पंतप्रधान विमा योजनांचे हप्ते आहेत. पहिल्यात अपघाती मृत्यूला 2 लाख, दुसऱ्यात कोणत्याही कारणाने मृत्यू झाल्यास 2 लाख. घरच्यांना बहुधा माहीतही नसतं. बँकेत लगेच कळवा. कंपनीत भविष्य निर्वाह निधी कापला जात असेल तर त्याबरोबर ईडीएलआय हा विमा येतोच. त्याची कमाल रक्कम 7 लाख आहे आणि त्यासाठी त्याने वेगळा हप्ता भरलेला असण्याची गरज नसते. ग्रॅच्युइटीला पाच वर्षं नोकरी लागते म्हणून कोणी परत पाठवलं, तर मृत्यूला ती अट नाही हे ठणकावून सांगा.

एक गोष्ट सगळीकडे चुकते. अविवाहित हिंदू मुलगा मृत्युपत्र न करता गेला तर 1956 च्या वारसा कायद्याप्रमाणे आई ही पहिल्या वर्गातली वारस, वडील दुसऱ्या वर्गातले. आई असताना वडिलांचा नंबर लागत नाही. कचेरीतले बाबू सवयीने दाजींच्या सह्या घेतात आणि सहा महिन्यांनी फाइल परत येते. ताईंचं आधार, पॅन आणि स्वतःच्या नावाचं बँक खातं हे आधी जमवा. खात्याला नॉमिनी लावलेला असेल तर बँकेने न्यायालयाचा वारस दाखला मागायचं कारण नाही.

त्याचा मोबाइल नंबर बंद होऊ देऊ नका, वर्षभर रिचार्ज करत राहा. पीएफ, बँक, विमा सगळ्यांचे ओटीपी त्यावर येणार. फोन पोलिसांकडे असेल तर न्यायालयात अर्ज करून तो परत मिळतो, आणि तो मिळेपर्यंत कोणा भाच्या-पुतण्याला "कुलूप उघडून, साफ करून देतो" म्हणू देऊ नका. आतले फोटो आणि ताईंना पाठवलेले आवाज गेले तर परत येत नाहीत.

कर्ज असेल तर वसुलीचे फोन सुरू होतील. क्रेडिट कार्ड आणि वैयक्तिक कर्जावर ताई-दाजींची सही नसेल तर ते त्यांच्या खिशातून फेडायला बांधील नाहीत, त्याच्या मागे राहिलेल्या मालमत्तेपुरतीच ती वसुली होऊ शकते. शिक्षणाच्या किंवा घराच्या कर्जावर सहकर्जदार म्हणून त्यांची सही असेल तर गोष्ट वेगळी. मग त्या कर्जाचा विमा काढला होता का ते कागदात बघा, घराच्या कर्जाला पुष्कळदा असतो. फोन करणाऱ्यांना तुमचा नंबर द्या, मृत्यूचा दाखला लेखी पाठवा, आणि दाजींना म्हणा, असा फोन आला की "मामांशी बोला" एवढंच सांगून ठेवून द्यायचा.